पंच्याण्णव गावांचं दप्तर उघडा

नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि त्यानिमित्तानं या शहराची गोष्ट पुन्हा सगळीकडे सांगितली गेली. गोष्ट ठरलेली आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. ते वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. पुढे वाशीचा पूल, सेक्टर, रेल्वे, घाऊक बाजार, बंदर आणि आता विमानतळ. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही ही गोष्ट अपुरी आहे, कारण ती नकाशापासून सुरू होते. तो नकाशा काढला गेला तेव्हा त्याच्या ३४४ चौरस किलोमीटरांत ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं नांदत होती. ती गावं या गोष्टीत येतात ती फक्त ‘संपादित क्षेत्र’ म्हणून.

मी नेरूळच्या एका शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर या गावांचा इतिहास गोळा करण्याच्या नादाला लागले. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख. या शहराचा इतिहास लिहिण्यासाठी लागणारा सगळ्यांत मोठा ऐवज दोन ठिकाणी आहे. एक, भूसंपादनाच्या सरकारी दप्तरात; आणि दोन, सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत. दोन्ही आपल्या डोळ्यांदेखत विरत चालले आहेत. ते वाचवणं हे माझ्यासारख्या चार-दोन हौशी माणसांचं काम नाही. ते महापालिकेचं, सिडकोचं आणि राज्य सरकारचं काम आहे, आणि ते आत्ताच व्हायला हवं.

आधी एक गैरसमज दूर करते. आमच्या सेक्टरांतल्या घरांत सर्रास बोललं जातं की इथं पूर्वी काही नव्हतं, नुसतं खाजण होतं. शाळेत मी मुलांना प्रकल्प द्यायची : आपण राहतो तिथं पूर्वी काय होतं, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारून लिहा. सेक्टरातली मुलं हेच वाक्य लिहून आणायची. त्याच वर्गात करावे, दारावे, सारसोळे, शिरवणे इथली मुलंही असायची. त्यांच्या वह्यांत शेतांची नावं असायची. कुठलं शेत वडाचं, कुठलं खाडीकडचं, कुठलं आजीला माहेरून आलेलं. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला वाटायचं की आपण मोकळ्या जागेवर राहतो, आणि दुसऱ्याला ठाऊक असायचं की आपल्या मित्राची इमारत आपल्या पणजोबांच्या शेतात उभी आहे. हे अंतर पाठ्यपुस्तकानं भरून निघणारं नव्हतं.

खरं तर या भागाइतकं जुनं आणि गजबजलेलं किनारपट्टीचं अंग कोकणात शोधूनच सापडेल. उरणजवळच्या चांजे आणि रानवड या गावांत शिलाहारांचे शिलालेख सापडले, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकात इथं दानपत्रं कोरली जात होती. बेलापूरच्या किल्ल्यानं सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज असे सगळे पाहिले. आज त्याचे अवशेष इमारतींच्या शेजारी उभे आहेत. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. ज्या प्रदेशाला आपण ‘नवं शहर’ म्हणतो, त्याच्या पोटात मुंबई महापालिकेच्या कायद्याहूनही जुनी नगरपालिका होती. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये उरणची मिठागरं आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या यांची दखल घेतलेली आहे. पनवेलजवळचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १९३० च्या कायदेभंगात घणसोली पुढे होतं, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यात चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार होऊन आठ जण हुतात्मा झाले. इतकं सगळं जिथं घडलं, त्या जागेला ओसाड म्हणताना आपली जीभ अडखळायला हवी.

पण मला किल्ले आणि शिलालेख यांच्याही पलीकडे जायचं आहे. ते कुठल्याही गॅझेटिअरमध्ये मिळतात. नियोजनातून वसवलेल्या शहराच्या इतिहासाला स्वतःचं असं एक साधन असतं, जे हळूहळू वाढलेल्या जुन्या शहराला नसतं. ते म्हणजे संपादनाचं दप्तर. एखादं शहर वसवायचं म्हणून सरकार जमीन ताब्यात घेतं, तेव्हा त्या जमिनीवर त्या दिवशी काय काय होतं याची नोंद करावीच लागते. १८९४ च्या कायद्याप्रमाणे कलम ४ ची अधिसूचना, मग कलम ६ ची घोषणा, कलम ९ च्या नोटिसा आणि शेवटी निवाडा. ही कामं ज्या कार्यालयांतून झाली त्यांना इथले लोक आजही ‘मेट्रो सेंटर’ म्हणतात. प्रकल्पग्रस्ताच्या घरात हा शब्द सातबाऱ्याइतकाच ओळखीचा आहे.

असा एक निवाडा मी एका घरात बसून पानापानानं वाचला. त्या घरातल्या आजोबांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पोथ्यांच्या शेजारी ठेवला होता. पहिल्या पानांवर कायद्याची भाषा, त्यानंतर तक्ते. सर्व्हे नंबर, हिस्सा, कब्जेदाराचं नाव, क्षेत्र, आकार. त्यापुढे झाडं : आंबा, चिंच, ताड, शेवगा, कुठलं फळतं, कुठलं लहान. विहीर असेल तर पक्की की कच्ची. बांध असेल तर त्याची लांबी. आजोबा मधेच बोट ठेवून सांगत होते, हे चिंचेचं झाड आमच्या काकांच्या वाट्याचं, आणि या विहिरीवर सगळ्या आळीचं पाणी असे. दर ठरवण्यासाठी केलेली ती नोंद होती. इतिहासासाठी कुणी ती केलेली नव्हती. पण गावाची अशी झाडनझाड मोजणी दुसऱ्या कुठल्या कागदात सापडणार? ९५ गावांचे निवाडे एकत्र मांडले, गावनकाशांवर बसवले, तर १९७० च्या आसपासचा हा सारा प्रदेश विहिरी-झाडांसकट पुन्हा डोळ्यांसमोर उभा करता येईल.

त्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे वाढीव मोबदल्याचे दावे. मिळालेला दर मान्य नसलेल्या शेतकऱ्यांनी कलम १८ खाली दाद मागितली. ती प्रकरणं ठाणे आणि अलिबागच्या न्यायालयांत चालली. दर वाढवून मागायचा तर जमीन कशी होती ते सिद्ध करावं लागतं. म्हणून शेतकरी साक्षीला उभा राहून सांगतो : भात किती खंडी व्हायचं, पावसाळ्यानंतर वाल लावायचो का, गाव रस्त्यापासून किती लांब, माल कुठल्या बाजारात जायचा. या जबान्या म्हणजे शपथेवर सांगितलेला गावांचा आर्थिक इतिहासच आहे. फेरफाराच्या नोंदींतही असाच खजिना आहे. वारस लावताना, बहिणींनी हक्कसोड करताना, बायकांची नावं कागदावर येतात. एरवी गावाच्या लेखी इतिहासात ती क्वचितच भेटतात.

हे सगळं एका जागी नाही. उत्तरेकडची गावं ठाणे जिल्ह्यात, पनवेल आणि उरण रायगडात. आणि १९८१ पूर्वीचा रायगडाचा कागद शोधायचा तर कुलाबा या नावानं. शिवाय भूमी अभिलेख, तहसील, न्यायालयं, मुंबईचं पुराभिलेख खातं, आणि मिठागरांसाठी मीठ खात्याचं दप्तर. इतक्या दारांत एकट्या अभ्यासकानं फिरायचं, प्रत्येक ठिकाणी आपण कोण आणि कागद कशाला हवा ते समजावून सांगायचं, हे वर्षानुवर्षं चालत नाही. दरम्यान सरकारी दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते, आणि खालच्या वर्गातले कागद मुदत संपली की नष्ट करता येतात. नवी मुंबईच्या संपादनाचा प्रत्येक कागद, मग तो आज कुठल्याही वर्गात असो, कायम जतनाच्या वर्गात टाकायला हवा. महाराष्ट्रात २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. त्याचा उपयोग अशा वेळी नाही करायचा तर कधी?

मात्र या दप्तराला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती लक्षात न घेता लिहिलेला इतिहास अन्याय्य होईल. निवाड्यात जमिनीचा मालक येतो. जमीन नसलेला येत नाही. खाडीत पाग टाकणारा कोळी, चिखलात उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरणाऱ्या बायका, मिठागरावर मजुरी करणारी कुटुंबं, खारघरच्या डोंगरावरच्या चाफेवाडी-फणसवाडीतले आदिवासी, यांचं जगणं कुठल्या सर्व्हे नंबरावर लिहिणार? खाडीचा सातबारा नसतो. त्यामुळे खाडीवर जगणाऱ्यांचं नुकसान कागदावर नुकसान म्हणून उमटलंच नाही. न्हावा-शेवा बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. उरणजवळ ज्या जागी त्यांना वसवलं, तिथली घरं वाळवीनं पोखरली, आणि पुन्हा नीट पुनर्वसन मिळावं म्हणून त्या लोकांना कित्येक दशकं झगडावं लागलं. ही माणसं निवाड्यांत नाहीत. त्यांची गोष्ट कुणी सांगितली तरच ती कळतात.

म्हणून दुसरं साधन, माणसं. इथं मला एक विषय जरा जवळून दाखवावासा वाटतो, तो म्हणजे खारजमीन.

खाडीकाठची भातशेती ही निसर्गानं दिलेली नव्हती. ती समुद्राकडून मिळवलेली होती. चिखलाचे लांबलचक बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, आणि पावसाचं गोडं पाणी बाहेर जाण्यासाठी बांधात उघाडी ठेवायची. उघाडीला लाकडी झाप असे. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की झाप मिटे, आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोरानं ती आपोआप उघडे. सारसोळ्यातल्या एका आजींनी मला हे सगळं हातवारे करून समजावलं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला, खांड पडली, की रात्र असो वा दिवस, सगळा गाव पेंढा, फांद्या आणि चिखलाची ढेकळं घेऊन बांधावर धावायचा. ज्याचं शेत त्या बाजूला नाही तोही जायचा, कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढली दोन-तीन वर्षं शेत नीट पिकायचं नाही. बांधावर न येणाऱ्याला गावकी जाब विचारायची. पाणी, माती आणि माणसं यांची ही व्यवस्था होती, आणि ती पिढ्यानपिढ्या चालली.

आता या शहरातले होल्डिंग पाँड पाहा. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर इथं सखल भागात सिडकोनं असे तलाव ठेवले. भरती असताना खाडीकडची दारं बंद राहतात आणि शहराचं पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला दारं उघडतात आणि पाणी बाहेर जातं. याला आपण डच पद्धत म्हणतो. अभियंत्यांनी ती तिकडून घेतली असेल, पण तत्त्व तेच आहे जे सारसोळ्याच्या आजींना ठाऊक होतं. हॉलंडचं नाव आपल्या तोंडी बसलं, आणि ज्यांनी याच मातीवर तेच काम हातांनी केलं त्यांचं नाव कुठल्याच पुस्तकात आलं नाही. हे तलाव आता गाळानं भरले आहेत, त्यांत कांदळवन वाढलं आहे, आणि ते साफ करायचे की नाही यावर वाद चालतो. दर पावसाळ्यात कुठला सेक्टर तुंबतो याची चर्चा होते. जुन्या उघाड्या नेमक्या कुठं होत्या, कुठला बांध वारंवार फुटायचा, नाल्याची मूळ वाट कुठली, हे गावनकाशावर बोट ठेवून सांगू शकणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारणं हे इतिहासाचं काम आहे आणि पूरनियंत्रणाचंही.

आठवणींचा असाच ठेवा गाण्यांतही आहे. आगरी समाजात लग्नात धवले म्हणणारी धवलारीण असते. लग्नविधीची सारी रीत तिच्या मुखात असते. देवांची, गावांची, शेती-खाडीच्या जगण्याची नावं तिच्या गाण्यांतून येतात. हा मुखोद्गत ग्रंथ आहे. नव्या पिढीत धवलारणी कमी होत आहेत. त्यांचं ध्वनिमुद्रण करणं हे लोककलेचं कौतुक म्हणून नव्हे, तर दस्तऐवज म्हणून व्हायला हवं : कुठल्या गावी, कुठल्या बाईकडून, ती कुणाकडून शिकली, याच्या नोंदीसकट.

आणि आंदोलनाच्या आठवणी. जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी भूसंपादनावरून जो लढा दिला, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर इथं पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीपैकी साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व या लढ्यातून पुढे आलं, आणि जमीन जाणाऱ्याला विकासात वाटा मिळालाच पाहिजे हा विचार मान्य झाला. देशात भूसंपादनावर जी चर्चा पुढे झाली, तिच्या कितीतरी आधी हा प्रश्न जासईच्या शेतकऱ्यानं रस्त्यावर येऊन विचारला होता. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा सेक्टरांतल्या अनेकांना हा माणूस कोण हेच माहीत नव्हतं. दोष त्यांचा नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. १९८४ च्या त्या दोन दिवसांत जे तरुण होते ते आज साठी-सत्तरीत आहेत. प्रत्येक गावातून किमान काही जणांच्या साक्षी सविस्तर नोंदवल्या गेल्या पाहिजेत. आणि त्या वेळी बंदोबस्तावर असलेल्या पोलिसांच्या, सिडकोच्या कर्मचाऱ्यांच्याही. इतिहास म्हणजे एका बाजूची कैफियत नव्हे.

हे लिहिताना मला बाहेरून आलेल्यांनाही विसरायचं नाही. मी स्वतः त्यांतलीच. रेल्वे येण्याआधी ज्यांनी सिडकोची छोटी घरं घेतली, पाणी आणि बसची वाट पाहत ज्यांनी संसार मांडले, त्यांचाही हा इतिहास आहे. मुंबईच्या मशीद बंदर-भायखळ्यातला घाऊक बाजार तुर्भ्याला हलला, तेव्हा त्याच्या मागोमाग सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे आणि घणसोलीला आले. कांदा-बटाट्याची, गुळाची पोती पाठीवर वाहून त्यांनी या शहराचं पोट भरलं. शहरासाठी लागणारी खडी पारसिकच्या डोंगरांतल्या दगडखाणींतून आली, आणि ती फोडणारे मजूर बहुतेक दूरचे होते. आराखड्यात या माणसांसाठी रेघ होती, पण त्यांची नावं नव्हती. गावकरी आणि बाहेरचे यांचे इतिहास वेगवेगळे लिहिले, तर शहरात आज दिसणारी फट आपण पुस्तकातही कायम करू. ते एकत्रच लिहायला हवेत.

आता कुणी विचारेल, जे झालं ते झालं, ते आता उकरून काय मिळणार? मिळणार ते हे. या गावांतल्या हजारो घरांवर आजही ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ असा शिक्का आहे. शेतजमिनी गेल्या, पण गावठाणं वाढत्या कुटुंबांच्या मानानं विस्तारली गेली नाहीत. मुलांची लग्नं झाली, घरं वाढली, आणि ती वाढ संपादित जमिनीवर आल्यामुळे बेकायदा ठरली. नियमित करण्याचे शासन निर्णय अनेक वर्षांत अनेकदा निघाले. प्रश्न सुटण्यासाठी आधी हे सिद्ध व्हावं लागतं की गाव नेमकं कुठवर होतं, कुठलं घर किती जुनं, कुठली वाट सार्वजनिक होती. म्हणजे इथं इतिहास हा पुरावा आहे. तो नीट जमवला तर कोर्टकचेऱ्या कमी होतील, आणि खोट्या दाव्यांनाही आळा बसेल.

दुसरी भीती अशी घातली जाते की यातून राजकारण होईल. राजकारण तर आजही होतंच आहे, आणि ते अर्धवट माहितीवर होतंय म्हणून जास्त बोचरं आहे. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर गृहसंकुलाचं नाव आधी आणि गावाचं नाव नंतर येतं. ‘सीवूड्स-दारावे’ हे आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. उरणच्या नव्या रेल्वेमार्गावर आपल्या गावाचं नाव स्थानकाला मिळावं म्हणून ग्रामस्थांना निवेदनं देत राहावं लागलं. ज्या शहराच्या हाती आपल्या गावांची, वाड्यांची, हद्दींची खात्रीशीर नोंद आहे, त्याला अशा प्रश्नांवर मोर्च्याची वाट पाहावी लागत नाही.

चंदीगडकडून एक धडा घेता येईल. तिथं शहराच्या आराखड्याचं, ल कोर्बुझिएच्या रेखाटनांचं, नमुन्यांचं संग्रहालय आहे, आणि ते पाहण्यासारखं आहे. पण त्या आराखड्यासाठी ज्या गावांना उठवावं लागलं, त्यांच्यापर्यंत पोहोचायला अभ्यासकांना बरीच खटपट करावी लागते. आराखडा जपला जातो, कारण तो जपणारी संस्था असते. गाव जपायला संस्था उरत नाही, कारण ग्रामपंचायतच विसर्जित झालेली असते. आपण नवी मुंबईत कोरियांनी आखलेलं बेलापूरचं ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ जपूच, जपायलाच हवं. पण त्याच्या जोडीला शहाबाज आणि दिवाळे कोळीवाड्याचंही दप्तर असलं पाहिजे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. एक, नवी मुंबई आणि पनवेल या दोन्ही महापालिकांनी आणि सिडकोनं मिळून एक नगर-इतिहास केंद्र उभारावं, आणि त्यात प्रशिक्षित अभिलेखपाल नेमावेत. कंत्राटावरचा कारकून इथं चालणार नाही. दोन, ९५ गावांचे निवाडे, गावनकाशे, पंचनामे आणि न्यायालयीन जबान्या यांचं डिजिटायझेशन करून, खासगी तपशील झाकून, ते लोकांसाठी खुले करावेत. तीन, गाववार मौखिक इतिहासाचा प्रकल्प हाती घ्यावा. मुलाखती घेण्याचं काम इथल्याच महाविद्यालयांतल्या, आगरी-कोळी बोली कळणाऱ्या मुला-मुलींना द्यावं आणि त्यांना त्याचं मानधन द्यावं. चार, स्थानिक इतिहासाचा एक पाठ इथल्या प्रत्येक शाळेत शिकवला जावा, मराठी माध्यम असो, इंग्रजी असो की हिंदी.

सुरुवात विमानतळाच्या दहा गावांपासून करावी. तिथली माणसं अलीकडेच उठली आहेत. उलव्याचा डोंगर त्यांनी फुटताना पाहिला, नदीची वाट बदलताना पाहिली. ती नव्या घरांत पांगली असली तरी अजून शोधता येतात, आणि जुन्या गावातलं घर कुठं होतं हे त्यांना पावलांनी आठवतं. दहा वर्षांनी हे इतकं सोपं राहणार नाही.

आणि एवढ्यावर थांबून चालणार नाही, कारण पुढचं शहर दारात उभं आहे. अटल सेतू झाल्यावर उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या क्षेत्रात आणखी एक नवनगर वसवायचं राज्य सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याचं नाव कर्नाळा-साई-चिरनेर. म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर आता नव्या शहराच्या नावात आहे. या शहराला पाठिंबा द्यायचा की विरोध, ते त्या गावांनी ठरवावं. पण निदान एक गोष्ट आपण या वेळी आधी करू शकतो, जी १९७० साली केली नाही. जमिनीची मोजणी करणारा भूकरमापक गावात जाईल, त्याच्या आधी गावाच्या आठवणींची, नावांची, देवळांची, बांधांची, खाडीवरच्या हक्कांची आणि भूमिहीनांची नोंद करणारी माणसं तिथं पोहोचली पाहिजेत. आणि ती नोंद संपादनाच्या प्रक्रियेचा कायदेशीर भाग असली पाहिजे, पर्यावरण अहवालाइतकीच बंधनकारक. पंच्याण्णव गावांचा इतिहास आपल्याला आता मागे जाऊन वेचावा लागतो आहे. एकशे चोवीस गावांचा तरी वेळेवर लिहून ठेवूया.